उतारवयातले ‘बॉम्बे हाय’

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात ‘बॉम्बे हाय’ हे देशातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने येथे तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. आज हे क्षेत्र उतारवयात आहे.

समुद्रतळाखाली तेलाचे तळे असते, हा समज चुकीचा आहे. येथे तेल चुनखडीच्या खडकातील सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. सुरुवातीला भूगर्भातील दाबामुळे ते विहिरीकडे ढकलले जाते. उपसा वाढतो तसा हा दाब घटतो. तो टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी गाळून, त्यातील ऑक्सिजन काढून खडकात सोडतात. ऑक्सिजन राहिला तर पाइप गंजतात. पण पाणी सोपी वाट शोधते. ते भेगांमधून थेट विहिरीत शिरते आणि आजूबाजूचे तेल मागेच राहते. मग तेलाबरोबर पाणीही अधिकाधिक येऊ लागते.

मागे राहिलेल्या या तेलासाठीच जुन्या विहिरींना आडव्या शाखा फोडल्या जातात. जानेवारी २०२५ मध्ये ‘ओएनजीसी’ने त्यासाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेण्याचे ठरवले. दुसरी आशा खोल समुद्राची. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ‘ओएनजीसी’च्या खोल समुद्रातील प्रकल्पातून जानेवारी २०२४ मध्ये तेल येऊ लागले. मात्र तेथील तेलात मेण जास्त आहे. तळाच्या थंडीत ते पाइपमध्येच गोठू नये, याची काळजी घ्यावी लागते. असे प्रकल्प खर्चिक असतात. तरीही ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला हा पर्याय सोडवत नाही.

या तेलाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २७ जुलै २००५ रोजी एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारांसाठी फलाटावर पोहोचवायला आलेले जहाज गॅसवाहिनीवर आदळले. भडकलेल्या आगीत अख्खा फलाट नष्ट झाला आणि २२ जणांचा बळी गेला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील ७० हून अधिक कामगार दगावले. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता.

अरबी समुद्र तापतो आहे, तशी तेथील चक्रीवादळे तीव्र होत आहेत. जुन्या फलाटांचे पोलाद खाऱ्या हवेत झिजते आहे. उरलेले तेल काढण्याचे तंत्र येईलही. पण इशारा मिळताच माणसे वेळेत किनाऱ्यावर आणण्याची शिस्त त्याआधी यायला हवी.