धुराड्यातून जाणारा कोळसा

खेड्यातल्या चुलीला लागून वैल असतो. चुलीवर भाकरी भाजली जात असता वाया जाणारी धग वैलावरच्या भांड्याला मिळते. आमटी कढत राहते, नाही तर अंघोळीचे पाणी तापते. त्यासाठी वेगळे सरपण लागत नाही. ही साधी काटकसर कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेल्या औष्णिक वीज केंद्रांना अद्याप पुरती साधलेली नाही, आणि त्याचे कारण यंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक आहे.

जुन्या संचांत कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम 35 टक्क्यांची वीज होते. वाया जाणारा सर्वांत मोठा वाटा वाफ थंड करणाऱ्या पाण्याबरोबर जातो. तो निसर्गनियमाचाच भाग असल्याने त्याबद्दल फारशी तक्रार करता येत नाही. धुराड्याचे तसे नाही. धुरातील उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापविण्याची युक्ती इंग्लंडमध्ये एडवर्ड ग्रीन याने 1845 मध्येच पेटंट करून घेतली होती. पुढे विसाव्या शतकात स्वीडनच्या युंगस्ट्रॉम याच्या फिरत्या यंत्राने भट्टीत जाणारी हवाही तापू लागली. एवढे करूनही धूर बाहेर पडतो तो 130 ते 150 अंश सेल्सिअस तापमानाने. तो सुमारे 20 अंशांनी निववून ती उष्णता भट्टीकडे परत वळविली, तर बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याच्या आसपास वाढते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे.

मग धूर आणखी का निववीत नाहीत? तो फार थंड झाला की त्यातील गंधकाम्ल द्रवरूप होऊन लोखंड खाते. भारतीय कोळशात गंधक कमी, म्हणून ही भीती येथे थोडी सौम्य. परंतु राख अतोनात, आणि ती नळ्या झिजवते. तथापि या अडचणींवर इलाज नाहीत असे नव्हे. जर्मनीतील नीडरआउसेम येथे 2002 साली सुरू झालेल्या संचात धुराची उष्णता काढून घेऊन ती पाणी तापविण्यास वापरली जाते. आपल्याकडे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाने रामगुंडम येथे अशाच उष्णतेवर वातानुकूलन चालवून दाखविले.

तंत्र ठाऊक आहे, तर अडते कोठे? 500 मेगावॅटचा संच वर्षाला 20 लाख टनांच्या घरात कोळसा जाळतो. धुरातील उष्णता मंद प्रतीची असल्याने तिच्यावर नुसते पाणी तापविले तर प्रत्यक्ष लाभ थोडा होतो. तो अर्धा टक्का धरला तरी वर्षाला 10 हजार टन कोळसा वाचेल. म्हणजे वर्षाकाठी येणाऱ्या पाचशेहून अधिक मालगाड्यांतील अडीच-तीन गाड्या! व्यवस्थापनाच्या नजरेत हे भरत नाही. पण संचाच्या 25 वर्षांच्या आयुष्यात ही बचत अडीच लाख टनांवर जाते.

ही बचत कोणाची, हा खरा प्रश्न आहे. सरपण गोळा करणारी आणि चूल पेटविणारी बाई एकच असते. म्हणून तिच्या घरी वैल असतो. वीज केंद्रात तसे नाही. एका युनिटामागे किती उष्णता खर्चावी याचे मानक नियामक आयोग ठरवितो, आणि त्या मानकानुसार कोळशाचा खर्च दरांतून वसूल होतो. कोळसा महागला की तो बोजा इंधन समायोजन आकार या नावाने शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या बिलात उतरतो. मानकाहून कमी कोळसा जाळल्यास होणारा लाभ ग्राहकांशी वाटून घ्यावा लागतो, आणि पुढच्या खेपेला मानकच कडक होण्याची धास्ती असते. उपकरणासाठी मात्र भांडवल आज घालायचे, संच काही आठवडे बंद ठेवायचा आणि नळ्या फुटल्या तर जाब द्यायचा. शहाणा व्यवस्थापक या वाटेला कशाला जाईल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ऊर्जाबचतीची प्रमाणपत्रे खरेदी-विक्रीस काढणारी केंद्राची योजना 2012 मध्ये आली, ती हीच कोंडी फोडण्यासाठी. तिच्या पहिल्या फेरीत सुमारे 67 लाख टन खनिज तेलाइतक्या बचतीचे उद्दिष्ट असताना 87 लाख टनांची बचत झाली. हे यश खरेच; परंतु उद्दिष्ट इतक्या सहज ओलांडले जाते तेव्हा ते सैल होते असेही म्हणावे लागते. प्रमाणपत्रे उदंड झाली आणि त्यांचे भाव उतरले.

पाण्याची बाजू याहून जिव्हाळ्याची आहे. गंधक काढण्यासाठी धुरावर चुनखडीचे पाणी फवारले जाते, त्यातील बरेचसे गरम धुरामुळे वाफ होऊन उडून जाते. धूर आधी निववला तर हे पाणी वाचते. पाण्याअभावी 2013 मध्ये परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, त्या मराठवाड्याला याचे मोल सांगायला नको. परंतु 2015 मध्ये घातलेल्या गंधकविषयक निर्बंधांतून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये देशातील बहुतेक वीज केंद्रांना सूट दिली, आणि उष्णता वाचविण्यामागचे हेही एक कारण गळाले.

चालू संचात नव्याने नळ्या बसवायच्या तर जागेपासून अडचण. नव्या संचाच्या आराखड्यात त्यांची सोय करणे पुष्कळच स्वस्त पडते. कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभे राहावयाचे आहेत. त्यांचा धूर किती अंशांवर बाहेर पडावा, हे आयोगाने दर मंजूर करण्यापूर्वी विचारावयास हवे. कारण धुराडे एकदा उभे राहिले की त्या कोळशाचे बिल पुढची 25 वर्षे ग्राहकच भरत राहणार आहे.