संगणकाचा वर्ग निवडताना

बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा काय करतो? दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमल्यास औताला लावूनही पाहतो. विकणारा फारच गुण गाऊ लागला की आपण अधिक सावध होतो. पण मुलांना संगणकाच्या वर्गात घालताना मात्र आपण चौकातली पाटी वाचतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असेच केले. कापसाच्या पैशांतून मुलीची वर्षाची फी एकरकमी भरली. सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र मिळाले. पण भरतीच्या वेळी ते ग्राह्य नाही असे कळले. पैसे गेले ते गेलेच, पोरीचे वर्षही गेले.

म्हणून पहिला प्रश्न घरातच विचारा : हे शिक्षण हवे कशासाठी? लिपिकाची नोकरी हवी असेल तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा पाहा. मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, ही अशा जाहिरातींतली नेहमीची अट असते. संगणकाची सर्वसाधारण ओळख हवी असेल तर एमएस-सीआयटी आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ या संस्थेचा ‘सीसीसी’ अभ्यासक्रम ८० तासांचा आहे. दहावी झालेल्या मुलांना सरकारी आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेता येतो. खाजगी वर्गात पैसे भरण्याआधी तिथे एकदा चौकशी करावी, हे बरे.

दुसरा प्रश्न : प्रमाणपत्रावर सही कोणाची? वर्ग चालवणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा असू शकतो. वजन असते ते परीक्षा घेणाऱ्याच्या नावाला. ‘सरकारमान्य’, ‘नोंदणीकृत’, ‘आयएसओ’ या शब्दांना भुलू नका. दुकानाची किंवा संस्थेची नोंदणी म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. आयएसओचा शिक्का कारभाराच्या पद्धतीवर असतो. तेवढ्याने प्रमाणपत्र नोकरीला चालत नाही. ज्या नोकरीची इच्छा आहे तिची जुनी जाहिरात मिळवा आणि अर्हतेची ओळ वाचा. वर्गाचे नाव परीक्षा मंडळाच्या अधिकृत केंद्रांच्या यादीत आहे का, ते शाळेतल्या गुरुजींकडून संकेतस्थळावर पाहून घ्या.

तिसरी गोष्ट, वर्ग भरलेला असताना जाऊन बसा. एका यंत्रापाशी किती मुले आहेत? हात एकाचा चालतो आणि तिघे नुसते बघतात, असे तर नाही ना? पोहणे काठावर बसून येत नाही. वीज गेल्यावर काय सोय आहे? बुडालेला तास भरून देतात का? मुलगी शिकणार असेल तर वर्ग सुटल्यावर शेवटची एसटी मिळते का, हेही पाहा.

मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये शिकवतात का, हे आवर्जून विचारा. जुन्या पद्धतीत मजकूर ठराविक फाँटवरच वाचता येई. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की अक्षरांची खिचडी होई. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे, त्यामुळे इथे लिहिलेले मुंबईतही वाचता येते. त्यातली इनस्क्रिप्ट मांडणी शिकायला सोपी : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला.

आता पैशांचे. फी हप्त्यांनी द्या आणि प्रत्येक हप्त्याची शिक्क्यानिशी पावती घ्या. परीक्षेची फी आत धरली आहे की वेगळी, हे लिहून मागा. मुलांची मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नका, सत्यप्रत द्या. ‘नोकरीची हमी’ कोणी दिली तर बाजारातल्या तुरी आठवा! मागच्या वर्षीच्या चार मुलांची नावे मागून घ्या आणि त्यांच्या घरी जाऊन विचारा.

गुरुजी, गावात या बाबतीत तुमचा शब्द चालतो. दहावीचा निकाल लागण्याआधीच एका संध्याकाळी पालकांना शाळेत बोलवा आणि हे चार प्रश्न फळ्यावर लिहून द्या. तुमचा एक तास जाईल, पण एखाद्या पोरीचे वर्ष वाचेल.