नर्सिंगची पदवी आणि सातपुड्याचा पायथा

जळगाव-धुळ्याच्या व्यापारी कुटुंबांत मुलीने सी.ए. किंवा फार्मसीचे नाव काढले की घर आनंदते. नर्सिंगचे नाव निघाले की बोलणेच खुंटते. परिचारिका म्हणजे इंजेक्शन देणारी, पट्टी बांधणारी, ही समजूत अजून दृढ आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांचा अभ्यासक्रम पाहिला तर ती टिकत नाही.

शरीररचना, औषधशास्त्र, सामुदायिक आरोग्य यांबरोबर तेथे आनुवंशिकीही शिकवितात. परिचारिकेला आनुवंशिकी कशासाठी, असा प्रश्न शहरात पडेल. चोपडा, यावल, शिरपूरकडील आदिवासी पाड्यांत पडणार नाही. तेथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. प्राथमिक चाचणीत दोष आहे एवढेच कळते. व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे पुढील तपासणीने ठरते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. चारांतले एक आजारी, म्हणून पहिल्यानंतरची तिघे निरोगी, हा हिशेब चुकीचा. प्रत्येक खेपेस शक्यता तीच. आणि दोष दोन्हीकडून आलेला असतो, एकट्या सुनेकडून नव्हे! हे सासूसमोर, कोणालाही न दुखवता सांगता येणे इंजेक्शन देण्याहून कितीतरी अवघड आहे.

आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना ही वाट खुली आहे. डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू खाणाऱ्यांचे तोंड तपासणे ही नित्याची कामे. परंतु गरोदर स्त्री डोके दुखते म्हणून येते, रक्तदाब १४०/९० च्या वर असतो, लघवीत प्रथिने सापडतात, तेव्हा डॉक्टर जवळ नसतो. शिरपूरहून धुळे सुमारे ५० किलोमीटर, पाडा त्याहून दूर. गाडी आताच बोलवायची हे तिनेच ठरवायचे, आणि सोबतच्या कागदावर वेळ, रक्तदाब, दिलेले औषध अचूक लिहायचे. पुढचा डॉक्टर त्या नोंदीवरच उपचार आरंभतो.

शैक्षणिक कर्जाच्या अर्जापूर्वी पालकांनी महाविद्यालयाला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे, विद्यार्थिनी प्रत्यक्ष काम शिकतात त्या रुग्णालयात रुग्ण येतात का, बाळंतपणे होतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. माहितीपत्रकातील इमारतीवरून ते कळत नाही. उपकेंद्रांवरील या नेमणुका बहुधा कंत्राटी असतात, तेही आधीच विचारून घ्यावे.