फुंटशोलिंगच्या खिडकीपाशी

खिडकीमागची मुलगी आधार कार्ड उलटूनसुद्धा पाहत नाही. काउंटरवरून ते हलकेच परत सरकवते आणि स्वच्छ हिंदीत म्हणते, "सर, वोटर कार्ड या पासपोर्ट."

सांगलीचे काका कार्ड पुन्हा पुढे करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात मफलर, हातात प्लॅस्टिकची फाइल. "मॅडम, आधार है ना. सब जगह चलता है."

"इंडिया में चलता है, सर," ती म्हणते. आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. आज सकाळीच हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल, कोण जाणे.

हे फुंटशोलिंग, भूतानचं दक्षिणेकडचं दार. मागे शंभर पावलांवर पश्चिम बंगालमधलं जयगाव आहे, तिथले हॉर्न इथवर ऐकू येतात. पायी येणाऱ्यांसाठी सीमेवरच्या कमानीच्या बाजूला वेगळी इमारत आहे. तिच्यातून तपासणी करून आत आलं की भिंतीवरचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे असतं. रांगेत हिंदी, बंगाली, गुजराती आणि भरपूर मराठी ऐकू येतं. बागडोगऱ्याला विमानातून उतरून किंवा हाशीमाऱ्याला गाडीतून उतरून आलेली आपली माणसं, पिशवीत बाकरवडी आणि ओठांवर एकच वाक्य: भूतानला व्हिसा लागत नाही.

ते खरंच आहे. भारतीय नागरिकाला भूतानचा व्हिसा लागत नाही. पण प्रवेशाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र दाखवावं लागतं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. अर्ज आधीच ऑनलाइन भरता येतो, तरी इथे मूळ कागद हातात असावाच लागतो.

काका आता मोबाइल काढतात. घरून मुलाने मतदार कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. मुलगी फोटो पाहते आणि मान हलवते. "ओरिजिनल, सर." काकांचा चेहरा उतरतो. शेजारी उभ्या काकूंचं मतदार कार्ड मात्र मूळ आहे: जुनं, लॅमिनेशन कडेला सुटलेलं, फोटोतली काळी-पांढरी मुलगी आजच्या काकूंची धाकटी बहीण वाटावी असं. ते कार्ड चालतं.

माझ्या मागचे एक गृहस्थ चिडून म्हणतात, "बँकेत आधार, सिमकार्डाला आधार, आणि हा एवढासा देश आपल्याला आधार चालत नाही म्हणून सांगतोय!" मला हा राग पटत नाही. आधार भारतात राहणाऱ्याला मिळतं. परदेशी माणूस ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ आपल्याकडे राहिला, तर त्यालाही ते काढता येतं. हा माणूस हाच आहे, एवढं ते सांगतं. तो भारताचा नागरिक आहे, हे सांगत नाही. मतदानाचा हक्क फक्त नागरिकाला, म्हणून ते जुनं, कडा सुटलेलं कार्ड इथे वजनदार ठरतं. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात, 1993 पासून, ही ओळखपत्रं निघू लागली. शाळेच्या वर्गात रांग लावून काढलेला तो फोटो एक दिवस परक्या देशाच्या दारात उपयोगी पडेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल?

मुलगी काकांना वाऱ्यावर सोडत नाही. फुंटशोलिंगमध्ये भारताचा महावाणिज्य दूतावास आहे, तिथे जाऊन विचारा, असं सांगते आणि कागदाच्या चिठ्ठीवर रस्ता काढून देते. टूरवाल्याने निघण्याआधी एवढं एक सांगितलं असतं तर, असं काकू पुटपुटतात. ग्रुपमधला एक तरुण काकांबरोबर निघतो.

शेजारच्या खिडकीशी पुण्याचं एक कुटुंब उभं आहे. आजी, मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. आजीचा पासपोर्ट भारतीय, बाकी तिघांचे निळे, अमेरिकेचे. सुनेच्या हातात तीन ओसीआय कार्डंही आहेत.

"हे बघा, ओसीआय," ती इंग्रजीत सांगते. अधिकारी कार्ड आदराने हातात घेतो, पाहतो आणि परत करतो. भूतानच्या लेखी ओसीआय कार्ड म्हणजे भारताने एका परदेशी नागरिकाला दिलेली सवलत. ती भारताच्या दारात चालते. इथे ती तिघं अमेरिकन आहेत. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाहीच. ओसीआय कार्डाच्या नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे, हे आपल्याकडे कितीतरी घरांत ठाऊक नसतं.

मुलाला ते ठाऊक आहे. त्याने तिघांचे व्हिसा ऑनलाइन काढून छापून आणलेत: व्हिसाचे चाळीस डॉलर आणि शाश्वत विकास शुल्क म्हणून माणशी दर रात्री शंभर डॉलर. नातवाला निम्मं, कारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं शुल्क आहे. आजीला दर रात्री बाराशे रुपये. चार रात्रींचे आजीचे चार हजार आठशे रुपये होतात, आणि सुनेचे व्हिसा सोडून चारशे डॉलर.

"अगं, एकाच खोलीत राहणार आपण," आजी सुनेला म्हणतात. "माझा नातू तो. त्याला डॉलर आणि मला रुपये?"

"आई, त्याचा जन्म तिकडचा ना," सून हळू आवाजात सांगते.

अधिकारी निळे पासपोर्ट चाळतो आणि थांबतो. भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का नाही. आजीला तो लागत नाही, भारतीय माणूस इथून चालत आत येतो. परदेशी पासपोर्टवाल्याने मात्र आधी जयगावच्या भारतीय इमिग्रेशन कार्यालयात शिक्का घ्यायचा असतो. तिघं परत कमानीपलीकडे निघतात. जाताना नातू मागे वळून विचारतो, "आजी, तू इंडियन म्हणून तुला जावं लागत नाही?"

"नाही रे बाळा. जाऊन या, मी बसते इथे."

ओसीआय असल्याने त्यांचा परतीचा प्रश्न तरी सुटलेला आहे. ज्या परदेशी प्रवाशाकडे भारताचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असतो, तो या कमानीतून भूतानात गेला की त्याच व्हिसावर परत जयगावात पाऊल ठेवू शकत नाही. इथे दोन देशांचे नियम एकमेकांना चिकटून उभे आहेत.

आजींचं काम पुढे चालू होतं. फोटो होतो. मग बोटांचे ठसे. यंत्राच्या हिरव्या काचेवर आजी तर्जनी ठेवतात. ठसा उमटत नाही. पुन्हा ठेवतात, पुन्हा नाही. आयुष्यभर भांडी घासून, कणीक मळून बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. खिडकीमागची मुलगी उठते, बाहेर येते, कागदी रुमालाने आजींचं बोट पुसते, स्वतःच्या हाताने ते काचेवर दाबून धरते. चौथ्या बोटाला यंत्र टुंग करतं. "हो गया, आमा," ती म्हणते. आजींना शब्द नवा, पण अर्थ लगेच कळतो. त्या तिच्या गालावरून हात फिरवतात.

बाराशे रुपयांवरून रांगेत कुरबुर आहेच. आधी तर काहीच लागत नव्हतं, हे म्हणणं खरं आहे. 1974 साली भूतानने पर्यटकांना दार उघडलं, तेव्हापासून आपल्यावर शुल्क नव्हतं. 2019 मध्ये तीन लाखांहून जास्त पर्यटक आले, त्यातले बहुसंख्य भारतीय. मुंबईच्या एका उपनगरात मावेल एवढी या देशाची लोकसंख्या. 2020 मध्ये भारतीयांसाठी शुल्काचा कायदा झाला, लगेच कोरोना आला, सीमा बंद झाल्या. 23 सप्टेंबर 2022 रोजी त्या पुन्हा उघडल्या, तेव्हा इतर देशांसाठी शुल्क दोनशे डॉलर होतं. वर्षभरात ते शंभरावर आणलं. आपले बाराशे तसेच राहिले.

मला हे शुल्क योग्य वाटतं, आणि ते मी रांगेतही बोलून दाखवते. निदान साठ टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील, असं या देशाने राज्यघटनेत लिहून ठेवलंय. माथेरान, महाबळेश्वरला मे महिन्यात गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे की फुकटच्या गर्दीची किंमत शेवटी डोंगर आणि तिथली माणसं मोजतात. आपल्याला परवडेल असा आणि इतरांपेक्षा कितीतरी कमी दर शेजाऱ्याने लावला असेल, तर घासाघीस करण्यात शोभा नाही.

माझा परवाना हातात पडतो. नाव, पासपोर्ट क्रमांक, किती दिवस, आणि कुठे: थिंफू आणि पारो. पुनाखाला जायचं तर वेगळा परवाना घ्यायचा. शहराच्या वर रिंचेंडिंगच्या नाक्यावर तो पुन्हा दाखवावा लागेल. ड्रायव्हर तो सांभाळून डॅशबोर्डवर ठेवतो.

आम्ही निघतो तेव्हा तिघं शिक्का घेऊन परत येताना दिसतात. काकांचा अजून पत्ता नाही. काकू बाकावर दोन बॅगांमध्ये बसून फोन कानाला लावून आहेत.

भूतानला जायचं ठरवत असाल तर तिकिटं काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचा कागद वेगळा काढून टेबलावर ठेवा. पासपोर्टची मुदत पाहा, मतदार कार्ड मूळ आहे ना पाहा, लहान मुलांचा जन्मदाखला घ्या, आणि घरात कुणाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्याच्या व्हिसाचं आणि शिक्क्याचं आधी बघा. आधार कार्ड घरी राहिलं तरी चालेल.