डबा उघडता येतो का?

लेखमाला : घर ते शाळा – लेखांक ४

गेल्या लेखांकात मुलांच्या झोपेची घडी कशी बसवायची ते आपण पाहिलं. आता जून तोंडावर आलाय. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. घरोघरी दप्तर, रेनकोट, पाण्याची बाटली यांची खरेदी चालू आहे आणि जोडीला एक काळजी : "आमच्या मुलाला अजून सगळी मुळाक्षरं येत नाहीत हो, चालेल ना?"

बालवाडीत शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जायचा. माझं उत्तर ठरलेलं असे : अक्षरं आम्ही शिकवू, तुम्ही डबा उघडायला शिकवा.

त्यामागे एक मुलगी आहे. साडेतीन वर्षांची. पहिल्या दिवशी ती आईचा हात सोडून शहाण्यासारखी वर्गात आली. डबा खायची वेळ झाली, तेव्हा मात्र डबा मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. नवा कोरा डबा, दोन्ही बाजूंना घट्ट कड्या. तिनं एक कडी बोटांनी ओढून पाहिली, मग दातांनी. शेजारच्याची गूळपोळी संपत आली तरी हिनं कुणाला हाक मारली नाही. मी जवळ जाऊन बसले तेव्हा पुटपुटली, "आई उघडते." आणि मग तिला रडू फुटलं. घरी न मागता जे मिळत होतं ते इथे मागायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून शाळा सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे अशा साध्या गोष्टींना द्या. नेणार तोच डबा घ्या, मूल एरवी खातं त्याच वेळेला जमिनीवर सतरंजी टाकून बसा आणि त्यालाच उघडू द्या. कडी निघत नसेल तर डबा बदला. नाडीऐवजी इलॅस्टिकची चड्डी, बक्कलऐवजी पट्टा चिकटवायचे बूट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सू आली', 'पाणी हवं', 'पोटात दुखतंय' ही वाक्यं परक्या माणसाला सांगायचा सराव. वाण्याकडे, शेजारच्या काकूंकडे मुलालाच बोलू द्या. घरी अहिराणी, वारली किंवा आणखी कुठली बोली असेल, तर सू-शीसाठी मूल कोणता शब्द वापरतं ते बाईंना आधीच सांगून ठेवा.

शाळेचीही आधी ओळख करून द्या. एखाद्या सकाळी त्याच रस्त्यानं चालत जा. नळ कुठे, शौचालय कुठे, चपला कुठे काढायच्या ते दाखवा. जिल्हा परिषदेच्या शाळांत २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. मूल खेळत खेळत एकेका टेबलापाशी जातं आणि घरी काय करून घ्यायचं ते आईलाही समजावून दिलं जातं. तुमच्या गावात असा मेळावा असेल तर चुकवू नका.

मुलाला असं हळूहळू शाळेपर्यंत आणायच्या विचाराची मुळं आपल्याच मातीत आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालवाडीचं काम मांडलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलाला ओळखीच्या जागी गाठायचं आणि तिथून हात धरून पुढे न्यायचं, ही त्यातली शिकवण आजही आपल्या कामाची आहे.

आता निरोपाचा क्षण. मूल खेळात रमलंय असं पाहून मागच्या मागे निघून जाऊ नका. वळून पाहिल्यावर आई दिसली नाही, की दुसऱ्या दिवशी ते पदर सोडतच नाही. सांगून निघा आणि सांगितल्यावर रेंगाळू नका. 'बारा वाजता येते' हे लहानग्यांना कळत नाही. 'डबा खाल्लास, गोष्ट ऐकलीस, की आजी फाटकात उभी असेल' हे कळतं. आणि आजी खरंच वेळेवर उभी असू द्या. तिथला विश्वास तुटला तर सगळी तयारी वाया जाते. 'रडलास तर बाई रागावतील' हे तर चुकूनही नको. दिवसभर ज्यांच्याजवळ राहायचं, त्यांचीच भीती का घालायची?

पहिल्या काही दिवसांचं रडणं स्वाभाविक आहे. बरीच मुलं आईची पाठ वळल्यावर थोड्या वेळात शांत होतात. मात्र कित्येक आठवडे उलटूनही मूल खाईना, रात्री दचकून उठू लागलं, तर बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. घरी आल्याबरोबर 'आज काय शिकवलं?' ही उलटतपासणीही नको. हातपाय धुऊ द्या, मांडीवर बसू द्या. सांगायचं ते मूल आपणहून सांगेल.

ती मुलगी चौथ्या दिवशी डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, ही कडी निघत नाही." मी एक कडी सोडवली, दुसरी तिनं. त्या दिवशी ती शाळेत आली, असं मी मानते.

(पुढील आठवड्यात : डब्यात काय द्यावं?)