ओसरीवरचं चर्च
सावली तालुक्याच्या परिसरात सिरो-मलबार कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत आहे. १९६२ मध्ये मिशन म्हणून सुरू झालेलं हे काम १९७७ मध्ये धर्मप्रांत झालं. मुख्य ठिकाण बल्लारपूर.

या धर्मप्रांतात रविवारच्या मिस्साला सगळा धर्मग्राम एकत्र येतो, पण माणसं एकमेकांना खरी कळतात ती कुटुंब-गटात. शेजारपाजारची काही घरं आळीपाळीनं एकेकाकडे जमतात. चटई अंथरायची, मेणबत्ती लावायची, बायबलमधला उतारा वाचायचा, मग चहा. कोण आजारी आहे, कुणाची धानाची कापणी अडली आहे, ते इथंच कळतं. पहिले ख्रिस्ती लोकही घरोघरीच भाकर मोडत. मला ही बैठक फार मोलाची वाटते: चर्चमध्ये मागच्या बाकावर गप्प बसणारी आजी इथं स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करते आणि सगळे तिच्यामागोमाग ‘आमेन’ म्हणतात.