पिन बसली, पण वीज जुळली का?

अमेरिकेहून आलेल्या काकांनी तुमच्या ताईसाठी केस वाळवायचं यंत्र आणलंय, असं समजा. त्याच्या पिना चपट्या, आपल्या सॉकेटची भोकं गोल. मग दुकानातून छोटासा अ‍ॅडॅप्टर आणायचा की झालं काम!

झालं? छे, थांबा. अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवून देतो. विजेचा दाब तो बदलत नाही. अमेरिकेतल्या घरांत साधारण १२० व्होल्टची वीज असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग यंत्रही दुप्पट तापेल? इथंच सगळे फसतात! दाब वाढला की तारेतून वाहणारा प्रवाहही वाढतो, त्यामुळे उष्णता होते साडेतीन पटीहून जास्त. आतली तार काही क्षणांत जळते, कधी आगही लागते. उलट आपली इस्त्री तिकडे नेली, तर बिचारी खूपच हळू तापते.

मोबाइलचे चार्जर मात्र हुशार. त्यांच्यावर ‘इनपुट’पुढे बहुतेक १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. अशांना जपानच्या १०० व्होल्टवरही नुसता अ‍ॅडॅप्टर पुरतो. पण फक्त १२० लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मर हवा, आणि केस वाळवायच्या यंत्राला लागणारा ट्रान्सफॉर्मर त्या यंत्रापेक्षा कितीतरी जड! त्यापेक्षा ताईला इथलंच घेतलेलं बरं.

आज घरातला चार्जर सॉकेटमधून काढा (आधी बटण बंद!) आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा.